पांढरीची साक्ष

घर विकत घेणें ही मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आयुष्यांतील एक मोठी घटना होय. तिची तयारी तो वर्षानुवर्षें करीत असतो. पोटाला चिमटा घेऊन सांठविलेली पुंजी, पत्नीच्या दागिन्यांचा हिशेब, कर्जाची मंजुरी, मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध, मुद्रांकाची रक्कम, वकिलाचा सल्ला, इतक्या गोष्टी जमवून तो एके दिवशीं विकणाऱ्यासह दुय्यम निबंधकाच्या कचेरींत येऊन उभा राहतो, आणि तेथें दस्तलेखक त्यास अगदीं सहज विचारतो कीं, "आपणांस ओळखणारे दोन इसम कोठें आहेत?" ज्या गोष्टीस पैसा लागत नाहीं तीच नेमकी जमवावयाची राहून गेलेली असते.

चाळीसगांवासारख्या शहरांत ही अडचण विशेष भासते. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें ठाणें १९०० सालीं धुळ्याचा फांटा सुरू झाल्यावर जंक्शन बनलें. कापसाचा व्यापार वाढला, रेल्वेच्या चाळी उठल्या, शाळा, कचेऱ्या व बँका आल्या आणि त्यांबरोबर देशोदेशींची माणसें आलीं. अशा गांवांत पोटामागें आलेला एखादा कारकून किंवा शिक्षक पांच-सात वर्षें राहतो आणि येथेंच कायमचें बिऱ्हाड करावें असें त्याच्या मनांत येतें. पण त्याच्या ओळखीचा सहकारी बदलून गेलेला असतो. घरमालकास भाडेकरू जावा असें वाटत नसतें. कोपऱ्यावरच्या वाण्याला त्याची उधारी तोंडपाठ असते, परंतु त्याच्या वडिलांचें नांव ठाऊक नसतें. त्या दिवशीं त्यास प्रथमच कळतें कीं, आपण या गांवांत राहत होतों, पण गांवाच्या माहितींत नव्हतों.

हा प्रश्न वरवर कचेरीचा दिसतो. परंतु त्याच्या मागें आठ-नऊशें वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्याचा एक पुरावा खुद्द चाळीसगांवच्या परिसरांत आहे. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. साक्षी म्हणजे ज्यानें साक्षात् पाहिलें तो. पाणिनीनें हा शब्द याच अर्थानें साधून दिला आहे. मराठी कागदांत साक्षीच्या जोडीला 'गोही' हा शब्द येतो. तो फारशी 'गवाही' पासून आला. आणि ज्या कागदावर गांवकऱ्यांच्या साक्षी एकत्र होत त्यास 'महजर' म्हणत. हा अरबी शब्द आपल्या नित्याच्या 'हजर' शब्दाचाच सख्खा भाऊ. महजर म्हणजे हजेरी. तीन भाषांतले तीन शब्द, पण तिघांचाही अर्थ एवढाच कीं, माणूस तेथें प्रत्यक्ष होता. साक्षीदार कागदाला सही देतो असें आपण आज समजतों. पूर्वीं तो आपली हजेरी देत असे आणि सही ही त्या हजेरीची केवळ खूण होती.

चाळीसगांवापासून कांहीं कोसांवर सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटण हें जुनें ठाणें आहे. पाटणादेवीच्या यात्रेमुळें तें खानदेशांत सर्वांस परिचित आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत विद्वानांपुढें आणला. शके ११२८ मधील श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळीं, निकुंभवंशीय सोइदेव या मांडलिकानें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें काढलेल्या मठास जागा व उत्पन्न दिलें, असा त्यांतील मजकूर आहे. मठाचा हेतु भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्यापन हा होता. लेखाचा शेवटला भाग जुन्या मराठींत असल्यामुळें भाषेच्या अभ्यासकांनीं त्याचा पुष्कळ कीस पाडला आहे, आणि गणिताच्या इतिहासकारांनींही. आमचें लक्ष मात्र एका लहानशा वाक्प्रयोगाकडे जातें. ही जागा दिली ती सर्व जनांच्या सन्निध, हातावर पाणी सोडून, असें लेख सांगतो. देणारा राजा, घेणारा राजज्योतिषी. कोणाची छाती होती त्या दानास हरकत घेण्याची? तरीही 'सर्व जनांच्या सन्निध' हे शब्द दगडावर खोदून ठेवावेसे वाटले. सत्ताधीशाची आज्ञा पुरेशी नव्हती. लोकांनीं पाहिलें असलें पाहिजे.

याच काळाच्या थोडें अगोदर, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. जमीन सहा गोष्टींनीं दुसऱ्याकडे जाते, असें एक जुनें वचन त्यानें तेथें घेतलें आहे: आपल्या गांवाची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची व दायादांची संमति, आणि सोनें व पाणी हातावर देणें. वचन प्रसिद्ध आहे. पण त्यावर विज्ञानेश्वरानें केलेला खुलासा त्याहून मोलाचा. तो म्हणतो कीं, गांवाची संमति ही व्यवहार उघड व्हावा म्हणून. ती नसली तर व्यवहारच नाहीं असें नव्हे. शेजाऱ्यांची संमति ही पुढें शिवेचा तंटा होऊं नये म्हणून. आणि विभक्त भाऊबंदांची संमति ही, हे खरोखर विभक्त होते कीं नव्हते असा संशय मागाहून कोणीं काढूं नये म्हणून. आधुनिक वकिलानें आपल्या पक्षकारास याहून निराळा सल्ला कोणता द्यावा? प्रत्येक साक्षीदार कशासाठीं हें त्यानें नेमकें सांगितलें आहे. साक्षीदार म्हणजे नुसतीं दोन डोकीं नव्हेत. ज्याला जें ठाऊक आहे त्याचीच त्याला साक्ष.

मूळ स्मृतींत साक्षीदार निदान तीन असावेत, ते सत्यवादी, सरळ, पुत्रवान् व खाऊनपिऊन सुखी असावेत, असें म्हटलें आहे. जुगारी, मद्यपी, कूटलेख करणारा, वैरी व व्यवहारांत ज्याचा अर्थसंबंध आहे असा आप्त हे वर्ज्य. स्त्रियांसही या यादींत वर्ज्य करून टाकलें आहे. ती त्या काळाची दृष्टि, तिचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. दस्तावर साक्षीदारानें आपल्या हातानें, आपल्या बापाच्या नांवासह, 'या कामीं मी साक्षी' असें लिहावें हाही नियम तेथें आहे; आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं दुसऱ्यानें सर्व साक्षीदारांसमक्ष लिहावें, अशी सोय मिताक्षरेंत दिली आहे. वर ज्या वाण्याचा उल्लेख आला तो बिचारा या नियमानें आधींच गळाला असता!

पुढें फारूकी सुलतान व नंतर मोगल यांचा अंमल खानदेशावर आला. काजीचा शिक्का व मजलिसीचें नांव कागदाच्या माथ्यावर आलें, भाषेंत फारशी शिरली. पण कागदाच्या पायथ्याशीं जीं माणसें होतीं तीं तींच राहिलीं. मराठी अंमलांतील खरेदीखतें व महजर पाहावे तों तीच रचना. गांवाच्या वस्तीच्या जागेस 'पांढरी' व पिकाऊ जमिनीस 'काळी' म्हणत, हें वाचकांस विदित आहेच. परंतु पांढरी हा शब्द जागेपुरता राहिला नाहीं. तिच्यावर राहणाऱ्या समस्त माणसांनाही तो लागला. महजरांत 'समाकुल पांढरी' असें येतें तेव्हां त्याचा अर्थ घरें व वाडे असा नसून सर्व गांव असा असतो. घर ज्या मातीवर उभें तीच माती त्या घराची साक्ष देते, ही कल्पना भाषेनेंच करून ठेवली आहे. या कागदांच्या अखेरीस कुळकर्ण्याच्या अक्षरांखालीं निशाण्या असतात: पाटलाचा व कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि असेच इतर बलुतेदार आपापल्या हत्याराची आकृति काढून मोकळे झालेले. ज्यास अक्षर येत नव्हतें त्याची साक्ष हलकी मानली जात नव्हती. खोटें बोलल्यास पूर्वज अधोगतीस जातील हें भय त्याच्या डोक्यावर असे, आणि त्याहून मोठें भय असे तें हें कीं, उद्यां त्याच गांवांत त्याच माणसांत तोंड दाखवावयाचें आहे.

शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष विशेष मोलाची मानीत. गांवाची हद्द राखणें हें त्याचें वतनी काम. शपथ घेऊन तो ज्या रेषेनें चालेल ती शीव, असा निवाडा होई. ज्याला गांवानें आपल्या घरांपासून दूर ठेवलें, त्याच्याच पावलांवर गांवाचें क्षेत्र ठरत असे! याचें स्मरण चाळीसगांवच्या संदर्भांत टाळतां येत नाहीं. मुंबई सरकारनें अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ सालीं खानदेशांत आले असतां, चाळीसगांवच्या स्टेशनावरून त्यांना नेण्यास टांगेवाल्यांनीं नकार दिला. तेथील महार बंधूंनीं टांगा मिळविला, पण हांकणारा संवयीचा नसल्यामुळें नदीवरील पुलावर अपघात होऊन डॉक्टर जबर जखमी झाले. हकीगत त्यांनीं स्वतःच लिहून ठेवली आहे. ज्या समाजाची साक्ष शिवेसाठीं हवी होती, त्याच समाजांत जन्मलेला बॅरिस्टर टांग्यांत बसलेला नको होता. जुन्या गांवगाड्याच्या एकोप्याचे गोडवे गातांना हें पान उलटून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

असो. खानदेशापुरतें बोलावयाचें तर ही पांढरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच उद्ध्वस्त झाली. होळकरांच्या फौजांची धुमाळी आणि लागोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. १८१८ सालीं इंग्रजांचा अंमल बसला तेव्हां साक्ष देण्यास माणसें उरलेलीं नव्हतीं अशीं किती तरी ठिकाणें होतीं. वसाहत पुन्हां झाली ती बाहेरून आलेल्या लोकांनीं. देशावर जें परिवर्तन हळूहळू घडलें तें येथें एकदम घडलें, असें आमचें मत आहे. नंतर जमिनीची मोजणी आली. १८५२ सालीं यावल, सावदा, फैजपूर या बाजूस शेतकऱ्यांनीं तिला मोठा विरोध केला. तो सारावाढीच्या भयानें झाला हें खरें, परंतु परिणाम आणखी एक होता. शीव कोठें हें आतां शेजारी सांगणार नव्हता, दगड व नकाशा सांगणार होता. विज्ञानेश्वरानें ज्या कामासाठीं शेजाऱ्यास बोलाविलें होतें तें कामच संपलें.

उरलें तें गांवास व्यवहार उघड होण्याचें. तें नोंदणीनें केलें. १८६४ च्या कायद्यानें दस्तनोंदणीची पद्धत घातली गेली व १९०८ चा कायदा आजही चालू आहे. पूर्वीं चावडीवर जें सर्वांस ऐकूं येई, तें आतां कचेरीच्या सूचींत ज्यास हवें त्यानें शोधून वाचावयाचें. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्यास तो १८९३ पासून लागू झाला.

मधल्या काळांत साक्षीची काय दुर्दशा झाली होती हें १८७५ च्या दंग्यांनीं दाखवून दिलें. पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून गेल्यावर प्रथम मागितलें काय, तर कागद. मालमत्तेपेक्षां कर्जरोखे फाडणें व जाळणें हाच त्यांचा मुख्य हेतु होता. निरक्षराचा अंगठा, सावकाराचा लेखक आणि सावकाराच्याच ओट्यावरचे साक्षीदार, अशा रोख्यास कोर्टांत पूर्ण मान मिळे. साक्षीदार होते, साक्ष नव्हती. म्हणून १८७९ च्या शेतकरी-संरक्षण कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत गांव-रजिस्ट्रार नेमून शेतकऱ्याचा दस्त त्यांच्या समक्ष लिहिला जावा अशी तजवीज केली. सरकारनें पगारी साक्षीदार नेमला असेंच याचें वर्णन करावें लागेल. खानदेश त्या चार जिल्ह्यांत नव्हता.

आतां एक गोष्ट सांगतों, ती पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. गहाणखत व बक्षीसपत्र यांस कायद्यानें निदान दोन साक्षीदार लागतात, मृत्युपत्रासही लागतात. घराच्या खरेदीखतास मात्र ते लागत नाहींत! शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानें व्हावी एवढेंच कायदा म्हणतो. तरीही साक्षीदारांच्या सह्यांवांचून खरेदीखत सहसा आढळावयाचें नाहीं. कायद्यानें सोडलें तें लोकांनीं सोडलें नाहीं. यास निव्वळ गतानुगतिकता म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घर हातचें जातांना किंवा हातांत येतांना दोन माणसें जवळ असावीं, ही भावना कलमाहून जुनी आहे.

मात्र या भावनेच्या आड एक धूर्तपणाही पिढ्यान् पिढ्या चालत आला. विकणाऱ्याचा भाऊ उद्यां हक्क सांगेल असें भय असे, तेव्हां घेणारा म्हणे, भावाची साक्ष घाला. भावास 'संमति दे' म्हटलें तर तो वांटा मागेल. 'साक्ष घाल' म्हटलें तर भिडेस्तव सही करील. अशा सह्यांवर पुढें कज्जे झाले. अखेर प्रिव्ही कौन्सिलनें स्पष्ट सांगितलें कीं, साक्ष घातल्यानें दस्तावर सही होतांना पाहिली एवढेंच ठरतें. आंतील मजकूर साक्षीदारास माहीत होता किंवा मान्य होता असें आपोआप ठरत नाहीं. निकाल न्याय्य होता. पण त्यानें विज्ञानेश्वराच्या भाऊबंदांस साक्षीच्या रकान्यांतून कायमचें उठविलें. आज त्यांच्यासाठीं दस्तांत 'मान्यता देणार' असा निराळा रकाना असतो, आणि हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन मुलींस जन्मतः हक्क मिळाल्यापासून त्या रकान्यांत सासरीं गेलेल्या बहिणींचीं नांवें येऊं लागलीं आहेत. स्मृतिकारांनीं ज्यांना साक्षीसही वर्ज्य मानलें, त्यांच्या सहीवांचून आतां वडिलोपार्जित घराचा व्यवहार पुरा होत नाहीं. हा बदल आम्हांस या सर्व इतिहासांतील सर्वांत समाधानाचा वाटतो.

मग कचेरींत विचारतात ते दोन इसम कोण? ते दस्ताचे साक्षीदार नव्हेत. ते माणसाचे साक्षीदार होत. सही करणारा खरोखर तोच आहे अशी खात्री निबंधकानें करून घ्यावयाची असते. तो स्वतः त्यास ओळखत असेल तर प्रश्न नाहीं. नसेल तर अन्य रीतीनें. ही अन्य रीति म्हणजे हे दोघे. आपण पक्षकारांस व्यक्तिशः ओळखतों असें ते निवेदन करतात व तसा शेरा दस्तावर उमटतो. ओळखीचा प्रश्न किती बिकट होऊं शकतो याचें उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत आहेच. पानिपतांत नाहींसा झालेला सदाशिवरावभाऊ मीच, म्हणून एक तोतया उभा राहिला; किती तरी लहानथोर त्यास भुलले, आणि १७७६ सालीं पुण्यांत त्यास देहांत शासन होईपर्यंत राज्य हादरत राहिलें. सिंहासनाजवळ जें होऊं शकलें तें एखाद्या परगांवीं राहणाऱ्या मालकाच्या रिकाम्या भूखंडाबाबत होणें किती सोपें! खऱ्या मालकाच्या नांवावर तोतया उभा करून जागा विकल्याचे प्रकार आजही उघडकीस येतात. आणि प्रत्येक तोतयाच्या पाठीशीं त्यास व्यक्तिशः ओळखणारे कोणी तरी असतातच.

हे ओळखणारे कोठें मिळतात हें सांगावयास नको. कोठल्याही कचेरीच्या आवारांत, चहाच्या टपरीपाशीं, अल्प मोबदल्यांत कोणासही ओळखण्यास तयार असलेली माणसें पूर्वींपासून आहेत. ज्या परगांवच्या गृहस्थास दोन ओळखी मिळत नाहींत त्यास हा मार्ग फार सोयीचा वाटतो, व शंभरांत नव्याण्णव वेळां त्यांत कांहीं बिघडतही नाहीं. बिघडतें तें हें कीं, जी सही इतक्या स्वस्तांत मिळते तिच्यावर पुढें कोणी विसंबूं नये असें ठरून जातें. सरकारनेंही तें ओळखलें आहे. दोन्ही पक्षकारांचें छायाचित्र व बोटांचा ठसा दस्तावर घेणें २००१ पासून कायद्यांत आलें, आणि अलीकडे आधार क्रमांकावरून यंत्रच माणूस पारखूं लागलें आहे. न्हाव्याच्या आरशाची निशाणी गेली, अंगठा मात्र परत आला. फरक इतकाच कीं, पूर्वीं तो निरक्षराचा असे, आतां प्राध्यापकाचाही घेतात.

यंत्राची ही पारख आम्ही त्याज्य मानीत नाहीं. तिला भीड पडत नाहीं, चहा लागत नाहीं, जात दिसत नाहीं. आणि पांच वर्षें राहूनही ज्यास गांव ओळखत नाहीं त्यास ती तत्काळ ओळखते. परंतु बोटाच्या ठशावरून माणूस कोण हें कळेल, तो राजीखुशीनें आला आहे कीं कोणीं दटावून आणला आहे, हें यंत्र कसें सांगणार? वृद्ध विधवेच्या शेजारीं उभा राहिलेला पुतण्या तिला हळूच काय म्हणाला, हें शेजारच्या घरांतील माणसास कळलें असतें. तसा शेजारी साक्षीस असला तर निदान दस्ताच्या दिवशीं तिला एक ओळखीचें तोंड समोर दिसतें.

विज्ञानेश्वराचा शेजारी दस्तांतून अगदींच नाहींसा झाला आहे असेंही नाहीं. चाळीसगांवच्या कचेरींत आज होणारें कोणतेंही खरेदीखत उघडून पाहावें. मिळकतीच्या वर्णनाखालीं चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस तमक्याचा भूखंड, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस आणखी कोणाची भिंत. नांवें पुष्कळदां मागच्या दस्तावरून उतरून घेतलेलीं असतात, आणि त्यांतील एखादा गृहस्थ घर विकून केव्हांच निघून गेलेला असतो.